हरिजन, देवदूत, दिव्यांग : एका श्रद्धेच्या साहित्याची तपासणी

१

१९३८ साली मुंबई विधिमंडळात एका विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द आला. भाऊराव गायकवाडांनी त्याला हरकत घेतली. सरकारपक्ष ऐकत नाही असे दिसताच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहातून उठून गेले. शब्द शिवीचा नव्हता. उलट गोड होता, देवाचे नाव जोडलेला होता. मग सभात्याग कशासाठी? ज्याला देवाचा माणूस म्हणून मोकळे होता येते, त्याला माणसाचे हक्क द्यायची निकड उरत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

हा प्रसंग येथे आठवण्याचे कारण वेगळे आहे. ख्रिस्ती आईबापांनी आपल्या अपंग मुलांविषयी लिहिलेले एक मोठे साहित्य इंग्रजीत आहे. ते मराठीत फारसे आले नाही. पण त्यातले विचार उपदेशांतून, प्रार्थनासभांतून, सांत्वनाच्या भेटींतून आमच्या मंडळ्यांपर्यंत पोचले आहेत. 'हे मूल म्हणजे देवाने धाडलेला दूत', 'देव ज्यांना झेपेल त्यांनाच असे मूल देतो', ही वाक्ये नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला पाळकही सहज बोलतो. आणि २०१५ सालच्या शेवटी पंतप्रधानांच्या तोंडून 'दिव्यांग' हा शब्द देशभर गेला. पुढच्या वर्षी सरकारी खात्याच्या पाटीवर चढला. हरिजन, देवदूत, दिव्यांग. तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. तिन्ही वरून दिलेले आहेत आणि तिन्हींत ज्याचे नाव ठेवले त्याला कोणी विचारलेले नाही. मी 'अपंग' हाच शब्द वापरते. त्यात उणीव दिसते असे म्हणतात. पण तो निदान जमिनीवरचा आहे.

या साहित्यातली काही ठळक पुस्तके दलित जाणिवेतून वाचली तर त्यांत काय टिकते आणि काय गळते, हे मला पाहायचे आहे. मी या विषयाकडे तिऱ्हाईत म्हणून पाहत नाही, हेही येथेच सांगते. मी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या महार ख्रिस्ती घरात वाढले, महाविद्यालयात शिकवते, आणि माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिला बोलता येत नाही, आधाराशिवाय बसता येत नाही. प्रसूती लांबली, वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही, बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. एवढेच कारण, आणि ते पूर्णपणे ऐहिक आहे.

२

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाला पाहून येशूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. ज्या समाजाला जन्माचा हिशेब मागच्या जन्माच्या पापावर मांडून दाखवण्यात आला, ज्याची गुलामगिरी कर्मविपाकाने पवित्र केली, त्या समाजातल्या वाचकाला हा नकार केवढा मोठा वाटावा! आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने मिशनऱ्यांच्या तोंडून जे ऐकले त्यात ही गोष्ट होती. जन्म हा गुन्ह्याचा पुरावा नाही. हे ऐकून माणसे ताठ उभी राहिली.

परंतु त्या वचनाचा दुसरा अर्धा भाग आहे. देवाची कार्ये त्याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून हे झाले, असे तेथे म्हटले आहे. मंडळीने पहिला भाग पटकन ओलांडला आणि दुसऱ्यावर घर बांधले. पापाची जागा हेतूने घेतली. 'कोणाच्या पापामुळे?' हे विचारायचे थांबले आणि 'कोणत्या योजनेसाठी?' हे सुरू झाले. त्या जन्मांधाला निदान दृष्टी मिळाली. ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांच्या वाट्याला योजना तेवढी आली.

आणि ज्यांना योजना पुरेशी वाटत नाही त्यांच्यासाठी चंगाईच्या सभा आहेत. मूल बरे झाले नाही तर आईबापांचा विश्वास कमी पडला, असा निकाल तेथे लागतो. म्हणजे शिष्यांचा प्रश्न मागच्या दाराने परत आला. हिंदू शेजारीण म्हणते, मागच्या जन्मीचे भोग. मंडळीतली बहीण म्हणते, विश्वासात उणे. दोघींच्या न्यायालयात आरोपी आईच असते.

जुन्या परंपरेने तर याहून भयंकर सांगितले आहे. मार्टिन ल्यूथरच्या नावावर नोंदलेल्या भोजनसंवादांत डेसाव येथल्या एका अपंग मुलाचा उल्लेख आहे. तो आत्मा नसलेला मांसाचा गोळा आहे, त्याला नदीत बुडवावे, असा सल्ला तेथे आहे. ज्याने युरोपातल्या सामान्य माणसाला शास्त्र त्याच्या भाषेत वाचायला दिले, त्याच माणसाच्या नावावर हे आहे. तेव्हा असे मूल सैतानाचे होते. विसाव्या शतकात ते देवदूत झाले. प्रगती झाली हे खरे. पण या दोन्ही टोकांच्या मध्ये माणूस नावाची एक जागा होती, ती रिकामीच राहिली.

३

देवदूताची कल्पना घरोघर नेणारे पुस्तक म्हणजे डेल इव्हान्स रॉजर्स यांचे 'एंजल अनअवेअर' (१९५३). लेखिका अमेरिकेतली लोकप्रिय नटी आणि गायिका, नवरा रॉय रॉजर्स काउबॉयपटांचा नायक. १९५० साली त्यांना रॉबिन ही मुलगी झाली. तिला डाउन सिंड्रोम होता, हृदयातही दोष होता. अशी मुले संस्थेत ठेवून विसरून जावीत, असा सल्ला त्या काळचे डॉक्टर देत. रॉजर्स दांपत्याने मुलीला घरी नेले. दुसरा वाढदिवस दोन दिवसांवर असताना १९५२ च्या ऑगस्टमध्ये ती गेली. पुस्तकात रॉबिन स्वर्गात पोचून आपल्या पृथ्वीवरच्या दोन वर्षांची हकिगत देवाला सांगते, अशी रचना आहे.

या पुस्तकाचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. मूल लपवून ठेवणे हाच जेव्हा सभ्यपणा होता, तेव्हा एका प्रसिद्ध बाईने ते उघड केले. पुस्तकाचे उत्पन्न तिने अशा मुलांच्या पालकांनी उभारलेल्या राष्ट्रीय संघटनेला दिले. कितीतरी आयांनी आपली मुले दाराबाहेर आणली. हे सामाजिक कार्य आहे.

पण साहित्य म्हणून पाहा. पुस्तकभर 'मी' म्हणणारी रॉबिन कोण आहे? ती आईच आहे. दोन वर्षांच्या मुलीला आईने आपले शब्द दिले, आणि त्या शब्दांतून मुलीकडून काय वदवून घेतले? की मी आईबापांना देवाजवळ आणायला आले होते, माझे काम झाले, मी परत आले. मुलीच्या अस्तित्वाचा सारा अर्थ आईबापांच्या श्रद्धेत जमा झाला. तिला काय दुखत होते, काय आवडत होते, ती जगली असती तर शाळेत गेली असती की नाही, हे प्रश्न स्वर्गाच्या उजेडात दिसेनासे होतात. देवदूताला शाळा लागत नाही, पगारी मदतनीस लागत नाही, आई मेल्यावर कोण पाहील ही चिंताही लागत नाही. ज्या आईचे मूल दोन वर्षांत गेले तिने असे लिहावे, हे मी समजू शकते. ज्यांची मुले वीस, चाळीस, साठ वर्षे जगतात त्यांच्या हाती मंडळीने हेच पुस्तक ठेवावे, हे मात्र मला समजत नाही.

याच्या शेजारी पर्ल बक यांचे 'द चाइल्ड हू नेव्हर ग्रू' (१९५०) ठेवून पाहावे. मिशनऱ्यांची मुलगी, मिशनऱ्याप्रमाणेच चीनमध्ये आयुष्याचा मोठा काळ काढलेली, १९३८ चे नोबेल मिळवणारी ही लेखिका. तिची मुलगी कॅरल १९२० साली जन्मली. बुद्धीची वाढ थांबली आहे हे आईला वर्षानुवर्षे कोणी धड सांगितले नाही. अमेरिकेत एका डॉक्टरने स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि त्या कठोरपणाबद्दल बक यांनी कृतज्ञता व्यक्त केली आहे. १९२९ साली त्यांनी मुलीला न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत ठेवले. तो खर्च भागवणे हे 'द गुड अर्थ'सारख्या लेखनामागचे एक कारण होते.

मुलीला संस्थेत ठेवण्याचा निर्णय आज आपल्याला खटकेल. पण पुस्तकात स्वर्ग नाही. दुःख आहे, त्याच्या पायऱ्या आहेत आणि एक ऐहिक मागणी आहे : कारण शोधा, जेथे टाळता येईल तेथे टाळा, आणि जी मुले आहेत त्यांना मानाने जगू द्या. कॅरलच्या दुखण्याचे नाव पुढे कळले, फिनाइलकीटोन्यूरिया. आहारातल्या प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. नॉर्वेच्या अस्ब्यर्न फोलिंग यांनी हा विकार १९३४ साली ओळखला, तोही अशी दोन मुले असलेल्या एका आईने कारण शोधण्याचा हट्ट सोडला नाही म्हणून. पुढे जन्मतःच टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून तपासणी आली, आणि आहार वेळेवर बदलला तर मेंदू वाचतो हे सिद्ध झाले. त्या नॉर्वेतल्या आईने 'देवाची योजना' म्हणून हात जोडले असते तर? श्रद्धा असो वा नसो, कारण विचारत राहणे हीच त्या आईची उपासना होती असे मला वाटते.

४

फ्रान्सिस यंग यांचा विचार अधिक खोल आहे. त्या बर्मिंगहॅम विद्यापीठात धर्मशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, आणि १९८४ पासून मेथडिस्ट पाळक. १९६७ साली जन्मलेला त्यांचा मुलगा आर्थर मेंदूच्या तीव्र अपंगत्वामुळे बोलू शकला नाही. 'फेस टु फेस' (१९८५) आणि 'आर्थर्स कॉल' (२०१४) ही त्यांची दोन पुस्तके जवळजवळ तीस वर्षांच्या अंतराने आली. त्यांत खोटे सांत्वन नाही. धर्मशास्त्र शिकवणारी बाई वर्षानुवर्षे देवाच्या असण्याबद्दलच साशंक राहिली, हे त्या लिहितात. उत्तर म्हणून त्या क्रूसाकडे जातात. दुःखाचा खुलासा करणारा देव त्यांना सापडत नाही, दुःखात शिरणारा देव सापडतो.

येथे रॉबिनसारखे मुलाच्या तोंडी शब्द घातलेले नाहीत. आर्थरचे मौन मौनच राहते, हा मोठा प्रामाणिकपणा आहे. तरी दुसऱ्या पुस्तकाच्या नावाकडे पाहा : आर्थरची हाक. हाक आईला ऐकू येते आणि आईचे जीवितकार्य घडते. मुलाने आईला अर्थ पुरवावा हे सूत्र येथेही पूर्ण सुटलेले नाही, ते फक्त संयमाने सांगितले आहे. आणखी एक गोष्ट पांढरपेशा वाचकाच्या ध्यानात येणार नाही. या चिंतनाखाली ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा, विशेष शाळा, काही दिवस मूल सांभाळणारी केंद्रे यांचा पाया आहे. आईला रात्री बसून देवाशी भांडायला वेळ मिळतो तो या पायामुळे. रोजंदारी बुडवून मूल कडेवर घेऊन जिल्ह्याच्या गावी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या बाईचे धर्मशास्त्र अजून लिहिलेच गेलेले नाही.

५

आपल्याकडे दलितांविषयीचे साहित्य आणि दलितांचे साहित्य हा भेद आपण कष्टाने प्रस्थापित केला. सहानुभूतीने लिहिणे वेगळे, स्वानुभवाने लिहिणे वेगळे. हाच भेद या साहित्याला लावला तर वरची चारही पुस्तके 'विषयीची' ठरतात. 'आमचे' म्हणावे असे पुस्तक १९९४ साली आले, नॅन्सी आयस्लँड यांचे 'द डिसेबल्ड गॉड'. कमरेच्या हाडांतल्या जन्मजात दोषामुळे लेखिकेचे बालपण शस्त्रक्रियांत गेले. स्वर्गात तू धडधाकट होशील, असे तिला सांगितले जाई. तिला प्रश्न पडे की मग ती मी असेन का? लूकच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू आपले हातपाय दाखवतो, यावर तिने बोट ठेवले. पुनरुत्थानानंतरही घाव बुजलेले नाहीत. म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याची उपासना करतात तो देव अपंग शरीराचा आहे.

आपल्या वाचकांना येथे अरविंद निर्मळ आठवतील. १९८१ साली बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातल्या व्याख्यानापासून त्यांनी दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची मांडणी केली, आणि देव दलितांचा कैवारी आहे एवढ्यावर न थांबता देवच दलित आहे येथपर्यंत ते गेले. मंदिरातल्या व्यापाऱ्यांना येशूने हाकलले, त्या प्रसंगात त्यांनी बहिष्कृतांचा उपासनेचा हक्क वाचला. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात त्याच प्रसंगाच्या लगेच पुढे आंधळे आणि लंगडे मंदिरात येशूकडे येतात. दावीदाच्या काळापासून आंधळ्या-लंगड्यांना घरात मज्जाव असल्याचे दुसऱ्या शमुवेलात आहे. अंगात व्यंग असलेल्या याजकाने वेदीजवळ येऊ नये असे लेवीयात आहे. ते दार त्या दिवशी उघडले. हा आंधळ्या-लंगड्यांचा मंदिरप्रवेश होता. काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० पासून झगडलेल्या माणसांच्या नातवंडांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. निर्मळ आणि आयस्लँड यांची भाषा अशी एका उंबऱ्यावर भेटते.

दार मात्र पुन्हापुन्हा बंद होते. फ्रान्समधल्या एका दांपत्याला आपल्या दोन अपंग मुलांसह लूर्दच्या यात्रेला जायचे होते. त्यांच्या मंडळीने त्यांना बरोबर घेतले नाही. ते स्वतःहून गेले, तेव्हा जेवण खोलीतच घ्यावे या अटीवर हॉटेलात जागा मिळाली. वेगळी पंगत आम्हाला ओळखीची आहे. त्यातून १९७१ साली अशा कुटुंबांची मोठी यात्रा निघाली आणि 'फेथ अँड लाइट' ही चळवळ जन्मली. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, त्यात धार्मिक संस्थांना वगळण्यात आले, आणि ती सूट मागणाऱ्यांत ख्रिस्ती संघटना होत्या. उपदेशात देवदूत आणि पायरीवर उतार बांधायचा म्हटला की खर्च! ज्यांना आपण संत मानले त्यांचेही तपासावे लागते. १९६४ साली 'लार्श' हे अपंगांबरोबर राहणारे कुटुंबसमूह सुरू करणारे जाँ व्हानिए यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे त्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीतून २०२० आणि २०२३ साली पुढे आले. 'लार्श'मधल्या सामान्य माणसांचे काम त्याने पुसले जात नाही. करुणेच्या नावाने चालणाऱ्या सत्तेलाही जाब विचारावा लागतो, एवढे त्यातून कळते.

६

आता या तपासणीत आमच्याच साहित्यविचाराला अडवणारा प्रश्न. स्वानुभव हा निकष धरला तर ज्याला भाषाच नाही त्याचे काय? आयस्लँड बोलू शकल्या. आर्थर बोलू शकला नाही, माझी मुलगी बोलू शकत नाही. योहानाच्या त्याच नवव्या अध्यायात परूशी त्या पूर्वीच्या आंधळ्याच्या आईबापांना बोलावून जाब विचारतात. आईबाप सांगतात की तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. बहिष्काराच्या भयाने ते हे म्हणतात. पण परिणाम असा होतो की तो माणूस स्वतः बोलतो, धर्माधिकाऱ्यांशी वाद घालतो आणि बाहेर काढला जातो. जेथे मूल बोलू शकते तेथे आईबापांनी बाजूला व्हावे, हा धडा मी घेते. जेथे ते बोलू शकत नाही तेथे आईबापांना बोलावेच लागेल, पण मर्यादा ओळखून. आई स्वतःच्या कष्टाची साक्ष देऊ शकते. मुलीच्या गरजांची आणि हक्कांची मागणी करू शकते. मुलीच्या अस्तित्वाचा अर्थ सांगण्याचा अधिकार तिला नाही. तो अधिकार पाळकाला नाही आणि पंतप्रधानांनाही नाही.

अशा साक्षीचा नमुना शास्त्रात आहे. मार्कच्या सातव्या अध्यायातली सुरफुनीकी बाई, परजातीची, घरी आजारी मुलगी टाकून आलेली. येशू तिला मुलांची भाकर कुत्र्यांना घालण्याविषयी कठोर शब्द बोलतो. आम्हाला तो शब्द टोचतो, टोचलाच पाहिजे. ती रडत परत जात नाही. आपल्याला हे भोगायलाच निवडले आहे असेही म्हणत नाही. त्याचाच दृष्टांत उचलून ती त्याला उत्तर देते, आणि येशू तिचे उत्तर मान्य करतो. तिने मुलीच्या दुखण्याचा अर्थ विचारला नाही, मुलीचा वाटा मागितला. ख्रिस्ती पालकांच्या साहित्याने देवदूताच्या कथा पुरे करून या बाईकडे वळावे.

वाट्याचा हिशेब साधा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसे होती, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के होते. हा फरक देवाने केलेला नाही. लांबलेल्या प्रसूतींनी, उपासमारीने आणि न मिळालेल्या उपचारांनी केला. त्या २.४५ मध्ये माझी मुलगी धरलेली नाही, कारण १९५० च्या आदेशाने धर्मांतरित ख्रिस्ती अनुसूचित जातीत मोडत नाहीत. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, आम्ही बाहेर राहिलो. मंडळीत ती देवदूत आहे, सरकारी कार्डावर दिव्यांग आहे आणि जातीच्या रकान्यात नाहीच. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा हिने आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायला घेतले, तेव्हा तिने त्यांना नवे नाव दिले नाही, अक्षरे दिली. आमच्या मंडळ्यांनी तेथून सुरुवात करावी. देवळाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा, मूल ओरडले तरी उपासना चालू ठेवावी, आईला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळेल अशी पाळी लावावी, आणि शाळेच्या व दाखल्याच्या लढाईत तिच्या बरोबर कचेरीत उभे राहावे. एवढे झाल्यावरही ज्यांना या मुलांना देवदूत म्हणायचे असेल, त्यांचे बोलणे ऐकून घ्यायला मी तयार आहे.